गोळ्यांचा दोष

शर्टांच्या कारखान्यात तो काजं करायचा. हात इतका नेमका, की सगळे त्याला काजवालाच म्हणत. मुलगा झाला, नर्सने दुपटं बाजूला केलं आणि काजवाल्याला बाळाचे हात दिसले. दोन्ही हातांना दोन-दोनच बोटं, मधोमध खोल खाच.

"काय खाल्लं होतंस तू?" बायकोला त्याने पहिला प्रश्न हाच विचारला.

तिसऱ्या महिन्यात तापाच्या गोळ्या घेतल्याचं तिने सांगितलं. झालं! तेव्हापासून घरात काहीही बिनसलं की त्या गोळ्या निघायच्या. ती मुकाट ऐकून घ्यायची. पोरगा मात्र चपळ निघाला. दोन बोटांत पेन्सिल धरून बापापेक्षा सुबक अक्षर काढायचा.

अकरा वर्षांनी काजवाल्याच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. तिचेही हात तसेच. बहिणीने तर नऊ महिन्यांत एक गोळी तोंडात घातली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांचं रक्त तपासायला घेतलं, घराण्यात आणखी कोणाला असं होतं का, विचारलं. काजवाला नाही म्हणणार, तोच बहीण म्हणाली, "दादा, बाबा आजारी असताना त्यांचे मोजे तूच बदलायचास ना?"

बाबांचा उजवा पाय मधून दुभंगलेला होता. त्याने पाहिला होता आणि मनाआड केला होता.

महिन्याने रिपोर्ट आला. "जनुकातला हा बदल तुम्हा दोघांत वडिलांकडून आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींच्या हातापायांवर तो दिसत नाही, पण मुलांमध्ये उतरू शकतो. तापाच्या गोळ्यांचा काही संबंध नाही."

घरी बायको इस्त्री करत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिने इस्त्री बंद केली. "पोरगा चार वर्षांचा असताना मला पुन्हा दिवस गेले होते. तुम्हाला बोलले नाही. माझ्या ताईला घेऊन दवाखान्यात गेले आणि गर्भ पाडून आले. वाटलं, त्या औषधाचं विष अजून अंगात असेल."

"मला एकदा विचारायचंस तरी," तो कसाबसा म्हणाला.

"काय विचारायचं? तुमचं उत्तर रोजच ऐकत होते की."

पुढच्या आठवड्यात ती मुलाला घेऊन ताईकडे राहायला गेली. भांडण नाही, रडारड नाही. मुलगा रविवारी बापाकडे येतो.

"आईला न्यायला का येत नाही?" एकदा त्याने विचारलं.

"दोनदा येऊन गेलो," काजवाला म्हणाला. "चहा दिला तिने. बस म्हणाली. परत येते म्हणाली नाही."