दुसरी प्रत

त्या मंगळवारी सकाळी वैशाली दारात उभी राहिली ती रिकाम्या हातांनी. रोह्याजवळच्या अष्टमी गावात दादाच्या शेजारी राहणारी ही मुलगी रोज एसटीने पेणला कामाला येते, आणि माझ्याकडे डोकावली की तिच्या पिशवीत दादाचं पाकीट असतं. "ताई, सर गेले... झोपेतच. दूधवाल्याला दार उघडलं नाय, म्हणून बघितलं," ती म्हणाली. तरी मी वेड्यासारखी तिच्या पिशवीकडेच बघत राहिले.

माझा हा थोरला भाऊ रोह्याला इतिहास शिकवायचा. वहिनी गेल्यावर एकटाच होता. निवृत्तीनंतर त्याने पुस्तक लिहायला घेतलं. वसाहतींच्या सुरुवातीच्या काळात अटलांटिकपार जाणारी व्यापारी जहाजं कोणी उभी केली, त्यांना पैसा कुठून आला, हा विषय. मी चिडवायचे, "कुंडलिकेचा पूल ओलांडायचा कंटाळा, आणि निघालास अटलांटिकला!" तो मनापासून हसायचा. "अगो, एकट्याच्या पैशावर जहाज सुटत नाय. कोणी शिंपी, कोणी पाववाला, कोणी बंदरावरची विधवा, जो तो आपला हिस्सा घालतो. आपल्याकडे दोन घरांत मिळून एक बैलजोडी ठेवतात ना, तसं. बुडालं तर सगळ्यांचं थोडं थोडं बुडतं, एकटा कोणी बुडत नाय."

त्या व्यापाऱ्यांची एक खोड मात्र त्याने उचलली. जहाजाचा भरवसा नाही म्हणून ते एकच पत्र दोन जहाजांनी धाडत. दादाही प्रत्येक प्रकरण हाताने दोनदा लिहायचा. एक प्रत टपालाने, दुसरी चार-आठ दिवसांनी वैशालीबरोबर. मधे फोन करायचा, "काय गो, जहाज लागलं काय?" मी म्हणायचे, "लागलं." दुसऱ्या प्रतीत सुधारणा असायच्या, म्हणून टपालाची प्रत मी उघडतच नसे. हे त्याला कधी सांगितलं नाही.

शेवटचं पाकीट टपालाने आलं तेव्हा घरात रंगकाम चाललं होतं. ते फ्रिजवर टाकलं. गुरुवारी त्याचा फोन आला, मी सवयीने "लागलं" म्हटलं. तो "बरं, बरं" म्हणाला. किती खूश होता तो!

दिवसकार्य आटोपल्यावर ते पाकीट फोडलं. आत प्रकरण नव्हतंच, नुसती एक चिठ्ठी होती. "पुस्तक झालं. शेवटचं प्रकरण तुला वाचून दाखवायचंय. रविवारी जेवायलाच ये. या वेळी दुसरी प्रत पाठवत नाही."

वैशालीला विचारलं, त्या रविवारी काय करत होता? तिने आधी टाळलं. मग म्हणाली, "सकाळपासून ओटीवर बसले होते, कागद घेऊन. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाले, ताई यायचीय, तिच्यासंगं जेवेन."

वय झालं होतं, झोपेत गेला, सोनं झालं, असं लोक समजावतात. असेलही. पण पत्र वाचूनही मी आले नाही असं समजून तो गेला, हे कोणाला सांगू?

ते प्रकरण मी पेणला आणलं नाही. दर रविवारी अष्टमीला जाते, त्याच्या ओटीवर बसून एक पान मोठ्याने वाचते आणि परत येते. एकच पान. संपलं की मग जायचं कशाला, म्हणून.