सहादूची कमान आणि ओसरीवरची दोन पिंपं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी दगडी कमान आहे. गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, होळीच्या सुमारास तिच्या माथ्यावरचे चार दगड निखळले. नगरपालिकेचे ओव्हरसियर येऊन सांगून गेले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत पक्की झाली नाही, तर पाडणार." ट्रक दारापर्यंत येईल म्हणून काहींना आनंदच झाला. पेटला तो एकटा सहादू गवंडी.

सहादू माझा शेजारी. मूळचा देवळ्याचा, तिथल्या कांद्यासारखाच तिखट. अंग काडीचं, मिशा मात्र पैलवानाच्या. रोज कामावर जायच्या आधी तो कमानीवर चढून बसायचा.

"भावजी, दोन पाट्या सिमेंट थापा आणि सुटा," मी म्हटलं.

"वहिनी, जुन्या दगडाला सिमेंट लय दिवस धरत नाय. माझ्या आज्यानं देवळ्याहून येऊन ही कमान चुन्यातच बांधली, मीबी चुनाच घालणार."

मग त्याच्या ओसरीवर दोन पिंपं आली. वर गोणपाट, आत काय ते देव जाणे. काही दिवसांत असा आंबूस वास सुटला की मुंग्यांनी रांग लावली आणि मी अंदाज बांधला. नळावर फक्त सगुणाबाईच्या कानात म्हटलं, "सहादू हातभट्टी लावतोय गं!" आता नळावर आणखी सात जणी होत्या, हा काय माझा दोष?

चौथ्या दिवशी हवालदार हजर. मागे अख्खी गल्ली. कमानीची मापं घ्यायला आलेले ओव्हरसियरही गर्दी बघून आत शिरले.

"काय गाळतोस रे?"

"गाळत नाय साहेब, भिजवतोय. गूळ, हिरडा, बेलफळ. चुना मळायचं पाणी हाय."

हवालदारानं बोट बुडवून चाखलं. हिरड्यानं त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की सगुणाबाई पदरात तोंड खुपसून हसली.

"दारू असती तर बरं झालं असतं!" ते थुंकत म्हणाले. "चुना दाखव तुझा."

सहादूनं दोघा साहेबांना कमानीवर चढवलं. दोन दगड त्यानं याच पाण्यात चुना मळून आधीच बसवले होते. हवालदारानं रागानं सांध्यावर लाठी हाणली. लाठीचं टोक फुटलं, चुन्याचा कपचाही उडाला नाही. ओव्हरसियरांनी खिशातली किल्ली काढून सांधा खरवडून पाहिला. मग मापाची टेप गुंडाळली.

"राहिलेले दोन किती दिवसांत?"

"आखाजीच्या आत, म्हंजी तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या."

सहादूनं शब्द पाळला. कमान उभी राहिली. गणपतीत तिच्याखालीच गल्लीनं त्याला शाल-नारळ दिला. भाषण कर म्हटल्यावर त्यानं नारळ माझ्यापुढे धरला.

"हा मालनवहिनींचा. त्या गप बसल्या असत्या तर ओव्हरसियरसाहेब खालूनच मापं घेऊन गेले असते, माझा चुना कुणी पाहिलाच नसता."

टाळ्या त्याच्यापेक्षा मलाच जास्त पडल्या. मी मान खाली घालून नारळ घेतला आणि वड्या करून निम्म्या त्याच्याकडे पोचवल्या.

परवा पलीकडच्या आळीनं त्यांच्या पायऱ्यांच्या विहिरीसाठी सहादूला बोलावलंय. पिंपं पुन्हा ओसरीवर आली आहेत. या वेळी मी आधी बोट बुडवून चाखलं, मगच नळावर गेले.