तांबड्या रश्शाचं पातेलं

पोस्टाच्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या गृहस्थांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. तारेचा मजकूर ते मोठ्यानं वाचत, त्यामुळे कुणाकडे पाळणा हलला ते सगळ्या रांगेला कळे. माझं पाकीट बघून एकदा म्हणाले, "मास्तर, ह्यो पत्ता हाय का मुंग्यांची वरात?"

त्या वर्षी महिला मंडळानं शाळेच्या पटांगणात खाऊजत्रा भरवली. माझी बायको रत्नागिरीकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं धास्तावतच इथली कोल्हापुरी चटणी घालून तांबडा रस्सा मांडला. पहिलं गिऱ्हाईक नेमके हेच. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे विस्फारले. मी बोट बुडवून चाखलं. रस्सा खारट ढोण झाला होता! मागं वीस-पंचवीस माणसं उभी. आता हे गावभर होणार, म्हणून मी मान खाली घातली.

त्यांनी वाटी निपटली, वळले आणि गरजले, "पावणं, फुडं सरका! आख्खं पातेलं मी घरला न्हेतोय!"

"एवढा झ्याक झालाय व्हय?" कुणीतरी विचारलं.

"मग! उगंच न्हेतोय व्हय?"

रांग चडफडत पांगली. पातेलं सायकलला बांधून ते निघून गेले. बायको घरी येऊन रडली.

दुसऱ्या दिवशी ते घासलेलं पातेलं घेऊन दारात उभे राहिले. आत कांदा-लसूण चटणीची बरणी होती.

"वैनी, बटाटं घालून समद्यांनी वरपला," ते म्हणाले. "ही चटणी आमच्या मंडळींनी दिलीया. आन् सांगितलंय, कोल्हापूरच्या चटणीत मीठ आदीच असतंय की!"