करवंटीतला साधू

लग्न ठरलं तेव्हा बायकोला मी सगळं सांगून टाकलं होतं. बारावीला एकदा आपटलो ते, कोलवाळच्या त्या मुलीचं, अगदी रात्री घोरतो तेसुद्धा. हे मात्र सांगितलं नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पेडण्याचे नाही म्हणून असेल. काकीला तुम्ही ओळखत नाही म्हणूनही असेल.

प्रकरण तसं एका माशाचं आहे. हसा, हसा — मलाही मधूनमधून हसू येतं. पण त्यात एक मांजर आहे, आणि मांजराशी आलो की माझं हसू थांबतं.

तेव्हा मला काचेच्या टाकीचं वेड लागलं होतं. म्हापशाहून मी एक कॅटफिश आणला. वीतभर लांब, मिशा फौजदाराच्या, आणि तोंड कानापासून कानापर्यंत — माशाला कान असते तर. टाकीच्या तळाशी करवंटी पालथी घालून त्याला घर करून दिलं, आणि त्या दिवसापासून अख्खी टाकीच त्याची झाली. करवंटीजवळून गोगलगाय गेली तरी हा बाहेर येऊन हाकलायचा. दुकानदाराने मला बजावलं होतं, “तोंडात मावता तां जेवाण. सोबती बघशीत तर तोंडापेक्षा मोठो बघ, वरच्या पाण्यात फिरणारो.” मला ते कळलं होतं. नीट कळलं होतं — हे ध्यानात ठेवा, कारण पुढे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

आणि घरी काय सांगितलं? काकी टाकीत वाकून म्हणाली, “ह्याचां तोंड माका बरां दिसणा नाय.” मी म्हटलं, गाय आहे गाय.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका लवकर गेले, पोटी मूल नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात एकच होतं — शेवंती, पिवळीधमक मांजर. बांगड्याच्या डोक्याचा पहिला मान शेवंतीचा, माझा दुसरा.

चवथीला पणजीहून दादा-वहिनी आले. घरी खायला कोण घालणार, म्हणून वहिनीने आपले तीन गोल्डफिश बाल्दीतून आणले होते, बोटाच्या पेराएवढे. तिने विचारलं, तुझ्या माशाबरोबर चालतील ना? आता काय बिघडलं असतं सांगायला, की नको, बाल्दीतच असू देत? पण गाय म्हणून बसलो होतो ना! म्हटलं, खुशाल सोडा.

आमच्याकडे चवथीत नुस्तं, म्हणजे मासळी, उंबऱ्याच्या आत येत नाही. गणपती आणि टाकी एकाच खोलीत, म्हणून कॅटफिशचा सुक्या कोळंबीचा डबासुद्धा काकीने गोठ्यात नेऊन ठेवला. शेवंतीला वरणभात. कॅटफिशला चार शितं. सगळं घर सोवळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्वा काढून आत आलो. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली समई तेवत होती. टाकीत एकच मासा होता आणि त्याच्या तोंडातून सोनेरी शेपटी बाहेर आली होती. मी काय केलं? गणपतीसमोर हात जोडले आणि म्हटलं, गीळ रे बाबा लवकर. त्याने गिळली. मग मी टाकीचं झाकण अर्धं सरकवलं. ओंजळभर पाणी जमिनीवर शिंपडलं. शेवंती आली, पाणी चाटू लागली — आणि नेमकी तेव्हाच वहिनी चहा घेऊन आली.

मला तोंड उघडावंच लागलं नाही. वरणभातावर ठेवलेलं मांजर, उघडी टाकी — शंका कुणाला येणार? वहिनी रडली, दादा हसला. मला वाटलं, शेवंतीला एक धपाटा बसेल आणि मिटेल. पण काकीचं वेगळंच होतं. मासे गेले याचं तिला फारसं नव्हतं. देवापुढे जीव घेतला, याचं होतं. “चवथीच्या दिसांनी गो शेवंते? देवाच्या नदरेसमोर?” शेवंती मिशा पुसत बसली होती.

विसर्जन झालं आणि काकीने शेवंतीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं. काकीचं माहेर नदीपलीकडे, तेरेखोलला. केरीपर्यंत स्कूटर मी चालवली. फेरीबोटीत टोपली माझ्या मांडीवर होती, आणि फटीतून एक पिवळा डोळा माझ्याकडे बघत होता. तेव्हा सांगता आलं असतं. नदी केवढीशी ती, पण दोन वाक्यांना पुरली असती. काकी पाण्याकडे बघत पदराने नाक पुसत होती. मला लाज वाटत होती, आणि मी म्हणालो — काय म्हणालो माहीत आहे? “मांजराच्या जातीचा भरवसा नाही, काकी.”

शेवंती तिकडे सुखात राहिली. धक्क्यावर नुस्त्याला काय तोटा? पुढच्या वर्षी काकी माहेराहून परत आली, वहाणा काढता काढता म्हणाली, “शेवंतीन वळखूक नाय माका,” आणि चुलीकडे गेली.

बांगड्याचं डोकं आता कॅटफिशला मिळतं. काकी स्वतः ठेचून घालते. त्याला सोबती मी पुन्हा शोधला नाही. तो एकटा राहतो म्हणून काकीला तो विरक्त वाटतो. चवथीला पाव्हणे आले की त्यांना ती टाकीपाशी नेते. “साधू आसा हो. तीन मासे सोबत होते, तेंका मिशीसुद्धा लावूक नाय. माजराने खाल्ले ते. चवथीत तर नुस्त्याक शिवणा नाय, शितां खाऊन रवता.” गेल्या वर्षी एका म्हातारीने टाकीपुढे जास्वंदीचं फूल ठेवलं. करवंटीतून मिशा हलल्या.

मग काकी माझ्याकडे वळते. “काय रे, खरां मां?”

“खरां, काकी,” मी म्हणतो. ह्या चवथीलाही म्हणालो.