वर कूलर, खाली बुरशी

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून आत्ताच लिहून राहिली.

माझ्या लेकीच्या पलंगामागची भिंत बुरशीनं काळी पडली आहे. मी ब्लीचिंग पावडर लावून पुसते, ती परत येते. पोरगी सारखी खोकते. आज सकाळी घरमालक काका पेंटरला घेऊन आले आणि ओल्या भिंतीवरच पांढरा रंग मारायला लावला!

"काका, ओल कुठून येते ते तर पाहा!"

"पावसाळा आहे बाई. साऱ्या अकोल्यात भिंतीले ओल येते."

मी तडक वर त्यांच्या घरी गेली. आमच्या भिंतीच्या बरोबर वरच्या खिडकीत त्यांचा कूलर उन्हाळ्यापासून तसाच! टाकी पावसाच्या पाण्यानं भरलेली, आणि गंजलेल्या कोपऱ्यातून पाणी थेट भिंतीत मुरतंय.

"काका, हा काढा ना!"

"दरवर्षी कोण काढन अन् कोण बसवन? उन्हाळ्यात लागतेच ना तो!"

कूलर उचलायचा कंटाळा यांना, अन् खोकायचं माझ्या पोरीनं?

रंग अजून वाळला नाही, तर आतून काळं दिसायला लागलं.

तुमच्याही खिडकीत कूलर तसाच आहे ना? आजच वाकून त्याची टाकी पाहा. अन् खाली कोणाचं लेकरू झोपते, तेही पाहा.