आधी कागद, मग मासा

लिपा क्रीकमध्ये एल्डन क्रुपिकाला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि एल्डनला ज्याची पुरती ओळख पटली आहे असा माणूस, त्याच्या मते, अजून जन्मायचा आहे. गावच्या पाटीवर वस्ती चारशे बारा लिहिली आहे. तो आकडा पाटी रंगवणाऱ्याने कुठून आणला, हे एकदा बघायला हवं, असं तो गेली सहा वर्षं म्हणतो आहे.

वय शहात्तर. शर्टाच्या डाव्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला कागद, लष्करातून सुटका झाल्याचा. बाकीच्या माणसांचे असले कागद बँकेच्या पेटीत किंवा बायकोच्या कपाटात असतात. एल्डनचा छातीशी असतो. बँकेवर त्याचा विश्वास नाही, आणि बायको वारल्यापासून कपाटावरही नाही.

परदेशातल्या लढायांवरून परतलेल्या माणसांच्या संघटनेची गावातली शाखा, म्हणजे आमची जी पोस्ट आहे, तिचा तो सभासद-नोंदणी प्रमुख. मी तिथला चिटणीस, त्यामुळे त्याने नोंदवलेल्या सभासदांची यादी ठेवणं माझ्याकडे. गेल्या नऊ वर्षांत या कामाने मला अजिबात दमवलेलं नाही.

एल्डन असा का, हे गावाला ठाऊक आहे. १९७० साली तो व्हिएतनामहून परतला, वय एकवीस, अंगात हिवताप शिल्लक. दुसऱ्याच शुक्रवारी तो पोस्टवर गेला. बारपाशी तेव्हा दुसऱ्या महायुद्धातली माणसं बसलेली असत, मोठ्या पोटांची आणि मोठ्या युद्धाची. त्यांनी त्याचा कागद मागून घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. परदेशी सेवा, अकरा महिने नऊ दिवस. आम्ही चार वर्षं होतो रे बाळा, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. एल्डन कागद घेऊन बाहेर पडला, तो अकरा वर्षं परत आला नाही. १९८१ साली ड्वेन शिमेक त्याला जवळजवळ दंडाला धरून घेऊन आला. दोघं एकाच पलटणीत होते. त्यानंतर एल्डन कधी गैरहजर राहिला नाही, आणि दारातून येणाऱ्या कोणाचाही कागद न बघता त्याने कधी हात पुढे केला नाही.

गेल्या वर्षी जून महिन्यात संघटनेच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं. आमचे सभासद नऊ उरले होते. डिसेंबरअखेर किमान दहा नसतील तर सनद परत करावी लागेल. सनद गेली की पोस्टवरच्या बंदुका लष्कराकडे परत जाणार, कारण त्या उसन्या आहेत. आमच्या जुन्या माणसांना मूठमाती देताना त्याच बंदुकांच्या तीन फैरी झडतात. ड्वेन तेव्हा वृद्धाश्रमात होता, मूत्रपिंडं निकामी झालेला. एल्डन दर मंगळवारी त्याच्याकडे जाई, आणि दर मंगळवारी ड्वेन त्याला एकच विचारी, "बंदुका आहेत ना रे अजून?"

एल्डन सांगे, आहेत. हे एक विधान तो कागदाशिवाय करत असे.

मग मोहीम सुरू झाली. पेट्रोल पंपावर जाहिरात लागली. काउंटीच्या जत्रेत आम्ही टेबल टाकलं, त्यावर झेंडा आणि पोस्टच्या स्वयंपाकघरातल्या बेटी यानाकने केलेले कोलाच, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, ठेवले. कोलाच दुपारपर्यंत संपले. सभासद एकही झाला नाही. तरुण माणसं यायची, नाही असं नाही. एकजण आपणहून पोस्टचं छप्पर दुरुस्त करायला आला, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेला. तो शिडीवर उभा असताना एल्डनने खालून त्याच्याकडे कागद मागितला. मुलगा म्हणाला, घरी आहे, आणतो. एल्डनने त्याच दुपारी काउंटीच्या कचेरीत फोन लावून चौकशी केली. मुलाच्या मामेबहिणीचीच तिथे नोकरी होती, तिने ते त्याला सांगितलं. छप्पर अर्धं झालं आहे. पाऊस आला की आम्ही उरलेल्या अर्ध्याखाली बसतो.

अध्यक्ष मर्ल त्याला म्हणाला, "एल्डन, आपल्याला माणसं हवीत, आरोपी नकोत."

एल्डन म्हणाला की, खोट्या दहाव्यापेक्षा खरे नऊ बरे. मग गाडीची किल्ली घेऊन उठला. त्या दिवशी मंगळवार होता.

ऑक्टोबरात ट्रॉय लॅमकिन उगवला. गिरणीमागचं रिकामं घर त्याने भाड्याने घेतलं होतं. पहिल्या शुक्रवारी, म्हणजे आमच्या मासे तळण्याच्या संध्याकाळी, तो डोक्यावर टोपी तशीच ठेवून बारपाशी आला. आमच्याकडे बारमध्ये टोपी घालून शिरलं की घंटा वाजते आणि शिरणाऱ्याला सगळ्यांना बिअर पाजावी लागते. एल्डनने घंटा वाजवली. लॅमकिन मोठ्याने हसला आणि त्याने लगेच पाकीट काढलं. सगळ्यांना माणूस आवडला. एल्डनला तिथेच पहिली शंका आली. त्याचं म्हणणं, खरा शिपाई आधी वाद घालतो.

लॅमकिन बोलायचा छान. वाळवंट, उन्हाळा, ट्रकांचे ताफे. आम्ही आठजण ऐकत बसायचो आणि मनात दहाव्या जागेवर त्याचं नाव लिहायचो. कागद मात्र पहिल्या शुक्रवारी बहिणीकडे होता, दुसऱ्या खेपेला खोक्यात, आणि तिसऱ्या खेपेला बहिणीकडे खोक्यात. अर्ज भरून ठेवू, कागद मागाहून जोडू, असं मर्लचं मत पडलं. माझंही पडलं, ते इतिवृत्तात आहे. एल्डन एकटा आडवा आला. पण त्याची अडचण निराळी होती. लॅमकिन सांगत होता ते इराकचं होतं, आणि आमच्यातलं कोणीच त्या लढाईत नव्हतं. खोटं पकडायचं तर खरं ठाऊक हवं. व्हिएतनामवर त्याने दहा मिनिटांत माणूस सोलला असता.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी पोस्टचा हॉल भरला होता. लॅमकिन आपल्या ताफ्याची गोष्ट सांगत होता. २००३ साल, कुवेतहून उत्तरेला, रस्त्याकडेला स्फोट झाला, पण ट्रकची दारं जाड पोलादाची होती म्हणून तो वाचला. स्वयंपाकघरातून डार्ला व्होबोरिल माशांचं ताट घेऊन आली होती. डार्ला महिला शाखेतली. वडील कोरियात लढलेले, म्हणून तिला तिथे घेतलेलं. नवरा वेस गुरांचं खाद्य विकतो. दोन वर्षं ती दर महिन्याला येऊन मासे तळायची, तवे घासायची आणि जायची. फारशी बोलत नसे. तिने ताट टेबलावर ठेवलं, लिंबाच्या फोडी नीट लावल्या आणि म्हणाली, "त्या साली दारांना पोलाद नव्हतं. दारं कापडाची होती. आम्ही प्लायवूड ठोकायचो आणि पायाखाली वाळूची पोती घालायचो."

लॅमकिन म्हणाला की, युनिटागणिक फरक असतो.

"असेल," डार्ला म्हणाली. "सॉस आणू?"

मग ती सॉस आणायला गेली. लॅमकिनने घड्याळ बघितलं, कुठलासा फोन आठवला, आणि तो ताट अर्धं टाकून उठला. पुढे कळलं, तो सैन्यात होता खरा. कॅन्ससमधल्या कोठारात ब्लँकेटं मोजत होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कोणीतरी ती मोजलीच पाहिजेत. पण परदेशी सेवा नाही, म्हणून आमच्याकडे त्याला प्रवेश नाही.

सगळे पोलादावर बोलत राहिले. एल्डन स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तो उठला, आत गेला, आणि मी त्याच्यामागे गेलो, कारण पुढे जे होईल ते इतिवृत्तात लागणार असं मला वाटलं. डार्ला तेल गाळत होती. बेटी यानाक कोबी चिरत होती.

"आम्ही म्हणजे कोण?" एल्डनने विचारलं.

"आमची ट्रकवाली कंपनी. राखीव दल. मी चालवायचे."

एल्डनने तिच्याकडे नखशिखांत बघितलं. त्या नजरेतून आजवर कोणीही सुटलेलं नाही. मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, कागद.

"तो तुमच्याकडेच आहे," डार्ला म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी अर्ज मागायला आले तेव्हा तो माझ्या हातातच होता. तुम्ही वर न बघता म्हणालात, बायकांचा अर्ज तो निळा. मग मी निळा भरला आणि कागद त्यालाच जोडला."

बेटी कोबी चिरायची थांबली. एल्डन कचेरीत गेला. महिला शाखेचे अर्ज नऊ वर्षं तो न बघताच खणात टाकत आला होता, कारण त्यांत संशय घेण्यासारखं काही नव्हतं. डार्लाचा निळा अर्ज सापडला. त्याच्या मागे, पिन मारलेला, दोन पानी कागद. परदेशी सेवा, इराक, बारा महिने तीन दिवस. एल्डनने तो उभ्याने दोनदा वाचला. मग उजेडाकडे धरून शिक्का बघितला. सवय जात नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पांढरा अर्ज होता, पोस्टच्या सभासदाचा. तोवर दारात मर्ल आणि आणखी तीनचारजण जमले होते. माफी मागणं त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो इतकंच म्हणाला की, इथे सही करायची, तारीख आजचीच घाल, डिसेंबर लागलाय.

डार्लाने हात पुसले. अर्ज घेतला नाही.

"एल्डन, शिफारस करणारे म्हणून सही तुम्हीच करणार ना?"

"हो."

"मग आधी तुमचा कागद दाखवा."

मर्ल काहीतरी हलकंफुलकं बोलू लागला आणि मध्येच थांबला. पंचावन्न वर्षांपूर्वी याच इमारतीत काय झालं होतं, हे मलाही आठवलं, म्हणजे एल्डनला ते आठवत असणार यात प्रश्नच नव्हता. तिच्या एका शब्दाने तो दारातून निघून जाऊ शकला असता. तो गेला असता तर अर्ज कोरा राहिला असता, आणि मंगळवारी ड्वेनला काय सांगायचं, हा प्रश्न उरला असता.

त्याने खिशात हात घातला. प्लॅस्टिकची पिशवी काढली, कागदाच्या चारी घड्या उलगडल्या आणि तो तिच्या हातात दिला.

डार्लाने तो सावकाश वाचला. दोन्ही बाजू वाचल्या. घडीवर अक्षरं झिजली होती तिथे चष्मा कपाळावरून खाली घेतला. मोठ्याने एक अक्षर वाचलं नाही. मग तिने त्याच चार घड्या घातल्या, कागद पिशवीत सरकवला आणि परत दिला.

"तुमचे अकरा महिने नऊ दिवस," ती फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मी शेजारीच होतो म्हणून ऐकलं. "म्हणजे मी तुमच्यापेक्षा चोवीस दिवसांनी थोरली. पेन द्या."

एल्डनने पेन दिलं. दिवसांचा हिशोब त्याने घरी जाऊन कॅलेंडरवर पडताळला, असं नंतर त्यानेच सांगितलं. बरोबर निघाला.

दहा सभासदांची यादी मी सतरा डिसेंबरला पाठवली. सनद राहिली. फेब्रुवारीत ड्वेन गेला आणि आम्ही पुन्हा नऊ झालो, पण पुढची मोजणी डिसेंबरात होती. एल्डनने मात्र ड्वेन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी निळ्या अर्जांचा सगळा खण टेबलावर ओतला आणि सत्तावीस अर्ज पाठपोट वाचून काढले. मग तो एक्याऐंशी वर्षांच्या बेटी यानाककडे गेला आणि त्याने तिला विचारलं, तू कधी लष्करात होतीस का, खरं सांग.

बेटी म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं तुमच्यासाठी मासे तळतेय. ती लढाई धरायची तर धर."

एल्डनने ते वहीत टिपून घेतलं.

ड्वेनला आम्ही शनिवारी सकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत नेलं. वीतभर बर्फ होतं. नियमाने सात बंदुका हव्यात. आम्ही पाचांवर भागवतो. हुकूम एल्डनचा. रांगेत डावीकडून दुसरी डार्ला. ती मागे पडेल अशी त्याला शंका होती, ती त्याने आदल्या दिवशी मला बोलूनही दाखवली होती. पण तिन्ही फैरी अशा झाल्या की पाच बंदुकांचा एकच आवाज आला. ओढ्यापलीकडच्या झाडीतून कावळे उठले. शवपेटीवरच्या झेंड्याची घडी ड्वेनच्या बहिणीच्या मांडीवर गेली.

मग फैरींच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या. तीन घरच्यांना द्यायच्या, बाकीच्या पोस्टवर न्यायच्या. लोक गाड्यांकडे निघाले होते. एल्डनने मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशाकडे आळीपाळीने बघितलं.

"चौदाच आहेत," तो म्हणाला. "पंधरा हव्यात."

"माहीत आहे," डार्ला म्हणाली. "मीही मोजल्यात."

ती हातमोजे काढून आधीच गुडघ्यांवर बसली होती आणि उघड्या बोटांनी बर्फ चाचपत होती. एल्डन क्षणभर उभा राहिला. मग थडग्याच्या दगडाला धरून, कण्हत, तोही तिच्या शेजारी खाली बसला आणि शोधू लागला.