काकांचं घड्याळ आणि कोलंबोचा सेल्वम

मंडळी, आत्ताच चेन्नईतल्या अण्णा नगरहून आलोय. हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमचे जोशीकाका रेल्वेतून रिटायर झालेले, हॅम रेडिओचे वेडे, म्हणजे घरच्या रेडिओ संचावरून जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा मारणारे. रेडिओवर कुणाशी बोलणं झालं की दोघांनीही त्याची नोंद वेबसाइटवर टाकायची. दोन्हीकडची वेळ जुळली तरच ते बोलणं पक्कं धरतात. काका कित्येक महिने नव्या सॉफ्टवेअरमधून नोंदी पाठवत होते, एकही पक्की होईना. कोलंबोचा सेल्वम तर रोजचा दोस्त, त्याचीसुद्धा नाही. "साधी नोंद टाकवत नाही त्याला," म्हणत काका रुसले आणि त्याच्या हाकेला ओ देणंच बंद केलं.

आज मी बघितलं. रेडिओवाले जगभर ग्रीनिचची वेळ लिहितात, म्हणून काकांच्या टेबलावरचं घड्याळ कायम ग्रीनिचवर. तीच वेळ काका नोंदीत टाइप करायचे, आणि सॉफ्टवेअरला वाटलं, ही चेन्नईची वेळ. ती ग्रीनिचची करायला त्याने त्यातून पुन्हा साडेपाच तास वजा केले.

सेटिंग बदलून सगळं परत पाठवलं आणि नोंदी भराभर जुळल्या. सेल्वमने प्रत्येक नोंद त्या त्या दिवशीच टाकली होती.

काकू म्हणाल्या, "आता लावा की रेडिओ."

सेल्वम होताच. काकांनी अडखळत तमिळमध्ये सगळं सांगितलं.

खरखरीतून उत्तर आलं, "परवायिल्ले सार, असू दे. मला वाटलं, तुमचा अँटेना पडला असेल."

मंडळी, आपल्याला का नाही हो आधी अँटेना आठवत?